रेस सुटायच्या आत बाहेर पड

वाचकाचं पत्र:

"ताई, मी ब्रिटनमध्ये नोकरी करतो. चार महिन्यांपूर्वी बेटफेअरवर (लोक एकमेकांविरुद्ध पैज लावतात त्या ऑनलाइन बाजारात) घोड्यांच्या रेसचं ट्रेडिंग सुरू केलं. रेस सुटायच्या आधी भाव वरखाली होतो तेवढ्यात बॅक करून (घोडा जिंकेल अशी पैज) ले करायचं (तो जिंकणार नाही अशी उलटी पैज), बाकी काही नाही. ट्रेडिंगसाठी बाजूला काढलेली ५०० पाउंडची बँक होती, आता २१० उरलेत. दहातल्या सात-आठ रेसमध्ये मी फायद्यात असतो, पण एखादी रेस अशी येते की आठवडाभराची कमाई घेऊन जाते. मागच्या शनिवारी ४.० ला (जिंकल्यास एका पाउंडाचे मूळ धरून चार) ५० पाउंड बॅक केले, भाव ४.५ वर गेला, वाटलं येईल परत, तेवढ्यात रेस सुटली आणि घोडा हरला. पुढच्याच रेसला १०० लावले, तेही गेले. आता ओव्हरड्राफ्टमधून १००० टाकून जरा मोठ्या स्टेकने (पैजेच्या रकमेने) झालेलं नुकसान भरून काढायचा विचार आहे. बँकेच्या किती टक्के स्टेक लावू? स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायची मर्यादा, किती ठेवू? बायकोला अजून काही बोललो नाहीये."

उत्तर:

१००० टाकू नकोस. बाकीचं सगळं खाली सविस्तर सांगते पण हे आधी, कारण पुढचं वाचता वाचता तुझा हात डिपॉझिटच्या बटणावर जायला नको. ओव्हरड्राफ्ट म्हणजे कर्ज, आणि कर्जाच्या पैशाला ट्रेडिंगची बँक म्हणतच नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगाराच्या खात्यात पैसे भरायला बंदी आहे ती ह्याचसाठी, की माणूस नसलेल्या पैशाने हरायला लागतो. ओव्हरड्राफ्टचा रस्ता तांत्रिकदृष्ट्या उघडा राहिला असेल पण जातो तिथेच. ट्रेडिंगची बँक म्हणजे असे पैसे जे उद्या पूर्ण गेले तरी घरभाडं, बिलं, किराणा, कुणाला पाठवायचे पैसे यातल्या कशालाच धक्का लागणार नाही. तुझ्याकडे आज तसे २१० आहेत का हे सुद्धा एकदा प्रामाणिकपणे बघ.

आता शनिवारची ती रेस घेऊ, कारण तुझं सगळं दुखणं त्या एका रेसमध्ये दिसतंय. ४.० ला ५० बॅक. भाव ४.५ झाला तेव्हा तू तिथे ४४.४४ चा ले टाकून ट्रेड बंद केला असतास तर घोडा जिंको नाहीतर हरो, तुझं नुकसान ५.५६ झालं असतं. बास. तू थांबलास, रेस सुटली आणि ५.५६ चे ५० झाले, म्हणजे नऊ पट. त्या क्षणी तू ट्रेडर राहिला नव्हतास, साधी पैज लावून बसला होतास, आणि ती सुद्धा अशा घोड्यावर ज्याच्याकडे बाजार पाठ फिरवत होता. घोडा जिंकला असता तर १५० मिळाले असते हे मला माहितीये, आणि खरं सांगते, जिंकला असता तर ते तुझ्यासाठी जास्त वाईट झालं असतं कारण पुढच्या वेळी तू दुप्पट विश्वासाने थांबला असतास.

दुसरी बाजू बघ. तोच ट्रेड तुझ्या बाजूने एक टिक, म्हणजे भावाची सगळ्यात लहान पायरी, गेला असता, ४.० वरून ३.९५, तर ग्रीन अप करून (ले टाकून, कुणीही जिंकलं तरी नफा सारखा राहील असं करून) तुला ६३ पेन्स मिळाले असते. म्हणजे त्या एका रेसचे ५० भरून काढायला एक-एक टिकचे जवळपास ८० यशस्वी ट्रेड लागतात, बेटफेअर नफ्यातून कापतं ते कमिशन धरलंच नाही अजून. "दहात सात-आठ फायद्यात" हे ऐकायला छान वाटतं पण त्या आकड्याने तुझी दिशाभूल केली आहे. दहातले आठ जिंकलास, प्रत्येकी ६३ पेन्स, झाले साधारण ५ पाउंड. मग उरलेल्या दोन रेसमध्ये मिळून तुला ५ पेक्षा कमी हरायला हवं, म्हणजे एका रेसला अडीच पाउंडाच्या आत. दहातले सातच जिंकलास तर हाच आकडा दीड पाउंडाच्या आत येतो. तू एकाच रेसला ५० देऊन आलास. घोडे ओळखण्यात, भाव वाचण्यात तू कदाचित बराच बरा असशील, तुझं नुकसान तिथून होतच नाहीये, ते होतंय हरणारा ट्रेड बंद न करण्यातून.

आणि त्या ४.० बद्दल एक गोष्ट जी नवीन माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. बेटफेअरवर ३ ते ४ मध्ये टिक ०.०५ ची असते आणि ४ ते ६ मध्ये ०.१ ची. म्हणजे ४.० ला बॅक केलंस की फायद्याच्या दिशेची टिक छोटी आणि तोट्याच्या दिशेची मोठी. एक टिक खाली गेला तर ६३ पेन्स मिळतात, एक टिक वर गेला तर १.२२ जातात. २, ३, ४, ६, १०, २० ह्या सगळ्या भावांना टिकचा आकार असाच बदलतो. तू लॅडरवर (भावांची शिडी दाखवणाऱ्या स्क्रीनवर) "पाच टिक गेला" असं मोजत असशील तर ते पाच टिक नेमके कुठले हे न बघता मोजतोयस.

ह्यावरून तुझ्या स्टॉप लॉसच्या प्रश्नाचं उत्तर येतं. "किती टिकचा स्टॉप ठेवू" ह्याला एक आकडा नाही कारण २.० च्या वर एक टिक म्हणजे एक टक्का आणि १० च्या वर एक टिक म्हणजे पाच टक्के. उलटं मोज. आधी ठरव की हा ट्रेड चुकला तर मी किती पैसे द्यायला तयार आहे. नवीन माणसाने बँकेच्या एक टक्क्यापेक्षा जास्त देऊ नये असं माझं ठाम मत आहे. तुझी बँक २१०, म्हणजे २.१० पाउंड. मग लॅडर बघून ठरव की भाव कुठे गेला तर माझा अंदाज चुकला असं मी मानेन. समज २.० ला बॅक केलंस आणि २.१० ला बाहेर पडणार, तर स्टेकच्या पावणेपाच टक्के जातील, म्हणजे ४४ पर्यंत स्टेक चालेल. ४.० ला बॅक आणि ४.५ ला बाहेर, तर स्टेकच्या अकरा टक्के, म्हणजे स्टेक फक्त १९ पाउंड. १२ ला बॅक आणि १३ ला बाहेर, दोनच टिक आहेत पण पावणेआठ टक्के जातात, म्हणजे स्टेक २७. स्टेक हा शेवटी येणारा आकडा आहे, तू तो पहिला ठरवून बसतोस, सरसकट ५०, आणि मग बाजार तुला सांगतो की नुकसान किती.

ह्याच्यावर आणखी एक मर्यादा लाव, कारण स्टॉप लॉस म्हणजे हमी नव्हे. सॉफ्टवेअरमधला स्टॉप काय करतो, तर ठरलेल्या भावाला पोचलं की समोर जे मिळेल त्या भावाला ट्रेड बंद करायचा प्रयत्न करतो. लिक्विडिटी (बाजारात समोर लागलेले पैसे) कमी असेल, भावाने एकदम उडी मारली तर चारच्या जागी आठ टिक जातात. इंटरनेट जातं. ऐनवेळी एखादा घोडा रेसमधून काढतात, मार्केट सस्पेंड होतं, म्हणजे थोडा वेळ थांबतं, आणि आधी मॅच झालेल्या (समोरच्याने स्वीकारलेल्या) बॅकचा भाव रिडक्शन फॅक्टरप्रमाणे, म्हणजे निघालेल्या घोड्यासाठी ठरलेल्या टक्केवारीने, कमी होतो, म्हणजे २५ टक्के फॅक्टर असलेला फेव्हरिट निघाला तर तुझा ४.० आता ३.० आहे आणि तुझं सगळं गणित बदललं. असं झालं की मार्केट पुन्हा उघडल्यावर हुशारी न करता जे मिळेल ते घेऊन बाहेर यायचं. तर ती दुसरी मर्यादा अशी की सगळंच बिघडलं, ट्रेड उघडा राहिला आणि निकाल विरुद्ध लागला तरी बँकेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. तुझ्यासाठी आज २१ पाउंड. वर आलेला आकडा आणि हा आकडा, दोन्हीतला लहान तो तुझा स्टेक. म्हणजे ४४ नाही आणि २७ पण नाही, २१ च्या वर काहीच नाही.

ले आधी करायची सवय असेल तर इथे जास्तच जपून. लेमध्ये स्टेक दिसतो छोटा पण लायबिलिटी, म्हणजे घोडा जिंकला तर तुला द्यावी लागणारी रक्कम, मोठी असते. १२ ला १५ पाउंडचा ले म्हणजे १६५ ची लायबिलिटी, तुझ्या बँकेचा तीन चतुर्थांश भाग एका घोड्यावर टांगलेला. दहा टक्क्यांच्या नियमाने तिथे तुला दोन पाउंडसुद्धा ले करता येत नाहीत, तेव्हा सध्या मोठ्या भावाच्या घोड्यांवर ले ने सुरुवात करूच नकोस. आणि फोनवर ॲप लॉगिन करून शेजारी ठेवत जा, कॉम्प्युटर अडकला तर बंद तरी करता येईल.

आता वेळ. माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम टक्क्यांचा नसून घड्याळाचा आहे, रेस सुटताना तुझा एकही ट्रेड उघडा नसला पाहिजे, फायदा असो की तोटा. फ्लॅट रेसमध्ये (अडथळे नसलेल्या) घोडे एकेक करून स्टॉलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या कप्प्यांत, घालतात ते दिसतं, त्यामुळे शेवटचे दोन-तीन बाहेर असताना तुझं काम संपलेलं असायला हवं. जंप रेसमध्ये (अडथळ्यांवरून उड्या मारायच्या) स्टॉल नसतात, घोडे गोल फिरत असतात, सुरुवातीला आडव्या धरलेल्या टेपकडे चालत येतात आणि स्टार्टरला रांग बरी वाटली की सोडून देतो, बऱ्याचदा तुला कळायच्या आत. तिथे आणखी लवकर बाहेर पड, शेवटची टिक दुसऱ्या कुणाला मिळू दे. तुझा एक समज असाही असेल की मी ४.० ला ले लावून ठेवलाय, भाव आला की मॅच होईल, पण मार्केट इन-प्ले झालं, म्हणजे रेस सुरू झाली, की मॅच न झालेल्या ऑर्डर रद्द होतात, तू "कीप" (ऑर्डर तशीच ठेव) हा पर्याय निवडला नसेल तर. म्हणजे ज्या ऑर्डरच्या भरवशावर तू निर्धास्त बसलास ती रेस सुटताच गायब. त्यानंतर इन-प्लेमध्ये सुटका करून घ्यायला गेलास तर तुझी बेट लागायला मुद्दाम ठेवलेला सेकंदभराचा उशीर असतो, तू बघतोस ते चित्र त्याहून मागे असतं, आणि समोर अशी माणसं असतात ज्यांना तुझ्याआधी दिसतंय. तिथे नवख्या माणसाने सावरायला जाऊ नये.

हे सगळं तुला आधी माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. ४.५ ला बंद करायला हवं हे तुला त्या क्षणी पण कळत होतं. हात उठला नाही, कारण पक्कं छोटं नुकसान घेण्यापेक्षा "कदाचित परत येईल" वर मोठा धोका पत्करणं माणसाच्या मनाला सोपं जातं. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं आणि ते फक्त जुगाऱ्यांबद्दल नव्हतं, सगळ्यांबद्दल होतं. म्हणून त्या क्षणी निर्णय घ्यायचाच नाही. आत शिरायच्या आधी कागदावर दोन गोष्टी लिही, कुठल्या भावाला बाहेर आणि किती वाजता बाहेर, आणि दोन्हीपैकी जे आधी येईल तेव्हा बंद कर. कागदावर लिहिलं नसेल तर ट्रेड घ्यायचाच नाही.

मग ते १०० पाउंड. हे मला जास्त काळजीचं वाटतं. ५० च्या मागे १०० लावणं म्हणजे दुप्पट करत जाणं, आणि त्याचं गणित बघ. १० ने सुरू केलं तर १०, २०, ४०, ८०, चार वेळा हरलास की १५० गेले, पाचव्यासाठी १६० हवेत आणि तुझ्याकडे ६० उरलेत. दहातले तीन हरणारा माणूस सलग चार कधी हरेल? साधारण १७०-१८० ट्रेडमागे एकदा. दिवसाला पंधरा रेस करणाऱ्याला दोन आठवड्यांतच ती वेळ येते, त्यात नशीब वाईट वगैरे काही नाही, ते होणारच असतं. म्हणून दिवसाची मर्यादा ठेव, बँकेचे तीन टक्के गेले की लॉगआउट, त्या दिवशी पुढची रेस कितीही सोपी दिसू दे. आणि ५०० चा आकडा डोक्यातून काढून टाक. २१० वरून ५०० वर जायला १३८ टक्के नफा लागतो, तो मागे धरून बसलास की स्टेक आपोआप फुगतो. तुझी बँक २१० आहे आणि तेवढीच आहे. "भरून काढायचं" हा विचार डोक्यात असताना लावलेला प्रत्येक पैसा चुकीच्या कारणासाठी लागतो.

आता जरा शांतपणे ऐक. तुझ्या पत्रात तीन गोष्टी आहेत. हरल्यावर लगेच स्टेक वाढवला. उसने पैसे आणायचा विचार आहे. आणि घरी सांगितलेलं नाही. सुटी सुटी बघितली तर प्रत्येकाला तुझ्याकडे काहीतरी कारण असेल, पण तिन्ही एकत्र आल्या की मी ट्रेडिंगचा सल्ला बाजूला ठेवते. तुला व्यसन लागलंय असं मी इथून बसून म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही, पण ज्यांना लागतं त्यांची सुरुवात बऱ्याचदा अशीच असते. पुन्हा लॉगिन करायच्या आधी बायकोशी बोल. २९० पाउंड गेलेत एवढं सांगणं आज अवघड वाटतंय, ओव्हरड्राफ्ट काढल्यानंतर कितीतरी पटीने अवघड होईल. तिला आकडे दाखव, खातं दाखव, आणि डिपॉझिट लिमिट तिच्यासमोर बसून लाव. बोलताना रक्कम कमी करून सांगावीशी वाटली किंवा लिमिट लावायला हातच होत नसेल, तर ट्रेडिंग लगेच बंद कर आणि गॅमस्टॉपवर नाव नोंदव. तिथे कमीत कमी सहा महिन्यांसाठी ब्रिटनमधल्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांचे दरवाजे तुला बंद होतात. नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनला रात्री-अपरात्री पण फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, आणि तिथे फोन करायला सगळं संपलेलं असावं लागत नाही.

हे सगळं झालं, बायकोला माहीत आहे, मन थाऱ्यावर आहे आणि तरी पुढे शिकायचंच आहे, तर महिनाभर सुट्टी घे आणि मग सगळ्यात लहान स्टेकने २०० ट्रेड कर. एक-दोन पाउंड. पेन्समध्ये कमाई होईल, कंटाळा येईल, चेल्टनहॅमसारखा रेसचा मोठा आठवडा आला की आज तरी जास्त लावू असं वाटेल, तरी तेवढाच स्टेक. प्रत्येक ट्रेडचं लिहून ठेव, कुठे शिरलो, ठरवलेला बाहेरचा भाव, प्रत्यक्ष बाहेर पडलो तो भाव, रेस सुटायच्या किती आधी, कमिशन कापून काय उरलं. रोजचा एकूण नफा-तोटा बघत बसू नकोस, इतक्या लहान स्टेकला त्याला अर्थ नाही. बघायचं ते हे की ठरवलेला भाव आणि प्रत्यक्षातला भाव यात किती अंतर पडतंय, आणि २०० मध्ये रेस सुटताना उघडा राहिलेला ट्रेड एक तरी आहे का. एक जरी असला तर मोजणी पुन्हा एकपासून.

२०० नीट झाले आणि कमिशननंतर बेरीज उणे असेल, तर खातं बंद कर, उरलेले पैसे परत घे. पुष्कळ लोकांचं असंच होतं, भाव ओळखणं खरंच अवघड आहे आणि समोरचे तेच रोज करतात. बेरीज अधिक असेल तर वरचे एक टक्का आणि दहा टक्के वापरायला सुरुवात कर, आणि बँक वाढली तर ती फक्त जिंकलेल्या पैशांनी वाढू दे, बाहेरून एक पाउंडही टाकू नकोस. वही मला पाठवलीस तर मी बघेन.